घड्याळ काढून घ्या : ब्राउझरमधलं व्हिडिओ एडिटिंग सर्व्हरवर नेताना

सर्व्हरवर तयार झालेली माझी पहिली लग्नपत्रिका चाळीस सेकंदांची होती. सुरुवातीला गणपती आला, सनई वाजली आणि वधूवरांच्या नावांच्या जागी सहा-सात चौकोनी डबे ओळीनं येऊन उभे राहिले. शेवटी अक्षता पडायच्या होत्या. त्या पडल्या, पण जिन्यावरून पाय घसरलेल्या माणसासारख्या, एकदम चार पायऱ्या. माझ्या लॅपटॉपवर हेच कोड, याच ब्राउझरात, लोण्यासारखं चालत होतं. मी सर्व्हर बदलला, मग मेमरी वाढवली, मग आणखी वाढवली. डबे डबेच राहिले. महिन्याचं बिल तेवढं वाढलं.

हे पुस्तक त्या चाळीस सेकंदांतून निघालं आहे. विषय दिसतो तसा लहान : व्हिडिओ कापणं, जोडणं, त्यावर अक्षरं आणि हलती चित्रं चढवणं हे काम करणारी एखादी लायब्ररी ब्राउझरसाठी लिहिलेली असते, आणि ती आपल्याला सर्व्हरवर, कुणी समोर बसलेलं नसताना, चालवायची असते. वरवर पाहता हा एका दुपारचा उद्योग वाटतो. माझी दोन वर्षं गेली.

पूर्वी हे काम कुठे व्हायचं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यावर ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ अशी पाटी असायची. आत एकच दणकट मशीन, रात्री रेंडरला लावलेलं, आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून चिकटवलेली चिठ्ठी. एडिटिंगला तिकडे कुणी एडिटिंग म्हणत नसे, मिक्सिंगच म्हणत. ते मशीन हळूहळू ब्राउझरात आलं. कॅनव्हास, व्हिडिओ टॅग, वेब ऑडिओ आणि वेबजीएल हे चार सुटे भाग आधीच होते. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेंब्ली आली, डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं तिला मानकाचा दर्जा दिला. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा व्हिडिओच्या दुनियेतला सर्वांत राबणारा प्रोग्रॅमसुद्धा वेबअसेंब्लीत उतरला आणि टॅबमध्ये चालू लागला. २०२१ मध्ये क्रोमच्या ९४व्या आवृत्तीत वेबकोडेक्स आलं, म्हणजे एकेक फ्रेम एन्कोड-डीकोड करण्याचं यंत्रच पानावरच्या कोडच्या हाती आलं. एट्रोसारख्या लायब्रऱ्यांमध्ये आता ‘मूव्ही’, ‘लेअर’, ‘इफेक्ट’ असं म्हणत काही ओळींत व्हिडिओ रचता येतो.

मग सर्व्हर कशाला? कारण समोरच्या माणसाच्या हातात दणकट मशीन नाही, फोन आहे. आमच्याकडे पत्रिका बनवणारी बहुतेक मंडळी फोनवरूनच यायची. नाव टाकलं, फोटो टाकला, पूर्वदृश्य बघून खूश झाली, ‘डाउनलोड’ दाबलं, की फोन तापायचा. तेवढ्यात मामांचा फोन आला आणि टॅब मागे गेला, की सगळं थांबलं. हा बिघाड म्हणता येणार नाही. नजरेआड गेलेल्या टॅबचं चित्र रंगवणं ब्राउझर मुद्दाम थांबवतो, बॅटरी वाचावी म्हणून. तेव्हा पूर्वदृश्य फोनवर आणि पक्का व्हिडिओ सर्व्हरवर, अशी वाटणी शहाणपणाची.

इथे पहिला मोह होतो तो सर्व्हरसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिण्याचा. मीही एकदा लिहिला. पत्रिकेचं वर्णन घ्यायचं आणि त्याचं एफएफएमपेगच्या फिल्टरांत भाषांतर करायचं. नुसतं कापायचं, जोडायचं, कोपऱ्यात लोगो लावायचा असेल तर आजही माझा सल्ला हाच आहे, हे पुस्तक मिटा आणि एफएफएमपेग शिका. पण जिथे अक्षरं वळणं घेत येतात, फोटो धूसर होत होत उलगडतो, तिथे एकाच नक्षीचे दोन कारागीर होतात आणि दोघांचा हात वेगळा पडतो. ग्राहकाला फोनवर नाव मधोमध दिसलं होतं, व्हिडिओत ते बोटभर खाली आलं, यावरून झालेली बोलाचाली मी विसरलेलो नाही. जे दिसलं तेच मिळायला हवं असेल, तर दोन्हीकडे तीच लायब्ररी चालली पाहिजे.

लायब्ररी जावास्क्रिप्टमध्ये आहे, सर्व्हरवर नोड आहे, मग अडचण कसली, असं वाटतं. पहिल्याच ओळीला ‘डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड’ येतं. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोममधलं व्ही८ इंजिन बाहेर काढून नोड उभं केलं, पण ते फक्त भाषेचं इंजिन. गाडीतलं इंजिन काढून त्यावर पाण्याचा पंप चालवावा तसं. काम चोख, पण सीट, काच, हेडलाइट यांतलं काही मागू नका. कॅनव्हास नाही, व्हिडिओ टॅग नाही, वेब ऑडिओ नाही. मग लोक एकेक सुटा भाग बसवतात : पानाचा सांगाडा म्हणून जेएसडॉम, चित्रासाठी कैरोवर उभा असलेला नोड-कॅनव्हास, वेबजीएलसाठी हेडलेस-जीएल. व्हिडिओ टॅगपाशी आल्यावर मात्र गाडी रुतते, कारण त्याच्या पोटात अख्खा डीकोडर असतो आणि त्याचं सोंग आणता येत नाही. या वाटेवर मी चार महिने घालवले. पुस्तकात तिला अर्धंच प्रकरण दिलं आहे, तेही रागाच्या भरात जास्त झालं असावं.

एक गंमत जाता जाता. वेबअसेंब्लीत उतरलेल्या एफएफएमपेगनं ०.१२ या आवृत्तीपासून नोडचा आधारच काढून टाकला. सुरुवातीला मला हे आडमुठेपणाचं वाटलं. पण विचार करा : ज्या सर्व्हरवर खरा एफएफएमपेग एका आज्ञेत बसतो, त्याच्यावर त्याचं ब्राउझरी रूप चालवणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीबंद पाणी मागवणं. ब्राउझरमधली प्रत्येक गोष्ट सर्व्हरवर न्यायची नसते. चित्र रचणारा भाग न्यायचा, चित्रं बांधून एमपीफोर करणारा भाग तिथला तिथेच मोडून टाकायचा.

उरली ती सरळ वाट, खरा ब्राउझर पडद्याविना चालवायची. त्यासाठी आधी एक्सव्हीएफबी नावाचा खोटा पडदा लावावा लागे, किंवा २०११ मध्ये आलेला फँटमजेएस वापरावा लागे. २०१७ मध्ये क्रोमच्या ५९व्या आवृत्तीत पडद्याविना चालण्याची सोय आली आणि त्याच वर्षी त्याला दोऱ्या बांधून नाचवणारं पपेटिअर आलं. जोनी बर्गर यांचं रिमोशन २०२१ मध्ये आलं तेही याच जमिनीवर उभं आहे. ब्राउझर फ्रेम दाखवतो, बाहेरचा प्रोग्रॅम तिचा फोटो घेतो, शेवटी एफएफएमपेग फोटोंची माळ ओवतो.

मीही हेच केलं होतं. तरी अक्षता का घसरल्या?

या पुस्तकाचं खरं पोट इथे आहे, म्हणून थोडा थांबतो. ब्राउझरसाठी लिहिलेली लायब्ररी पाहणाऱ्याच्या घड्याळावर जगते. ती दर वेळी विचारते, किती वाजले? १० सेकंद होऊन गेले असतील तर नाव दाखवते, १२ झाले असतील तर फोटो उलगडते. एखाद्या क्षणाला उशीर झाला तर तो क्षण ती सोडून देते आणि पुढच्याला पकडते. पाहणाऱ्यासाठी हे अगदी बरोबर आहे, कारण गाणं चालू आहे आणि चित्रानं गाण्याबरोबर राहायला हवं. सर्व्हरवर मात्र पाहणारं कुणीच नाही. तिथे बहुधा ग्राफिक्स कार्डही नसतं, म्हणून वेबजीएलचं काम स्विफ्टशेडरसारखं सॉफ्टवेअर साध्या प्रोसेसरवर ओढतं आणि एकेक फ्रेम रेंगाळते. समजा एका फ्रेमला १२० मिलिसेकंद लागले. चाळीस सेकंदांच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओला १२०० फ्रेम हव्यात. चालू असतानाच रेकॉर्ड करायला गेलात तर ४० सेकंदांत ३३३च हाती लागतात, बाकीच्या ८६७ गळून जातात. अक्षता घसरल्या त्या तिथे. पुढच्या प्रयत्नात मी शहाणपणा करून मिळालेल्या ३३३ फ्रेम सेकंदाला ३० या हिशेबानं जोडल्या, तर पत्रिका अकरा सेकंदांत आटोपली. सनई अजून सूर लावत होती आणि वऱ्हाड जेवून घरी गेलं होतं.

उपाय एकच, लायब्ररीच्या हातातलं घड्याळ काढून घ्यायचं. तिनं वेळ विचारली की आपण सांगायची, आणि मागची फ्रेम पक्की होऊन खाली उतरेपर्यंत पुढची वेळ सांगायचीच नाही. शून्य. फोटो. तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश मिलिसेकंद. फोटो. खऱ्या घड्याळात मध्ये १२० मिलिसेकंद गेले की दोन मिनिटं, लायब्ररीला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. १२०० फ्रेमना १२० मिलिसेकंद म्हणजे १४४ सेकंद. अडीच मिनिटांच्या आत, एकही फ्रेम न गळता, चाळीस सेकंद तयार.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एकेक फ्रेम घेत त्याचं रोप वाढताना टिपलं. ‘अंकुराची वाढ’. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि जगाचं घड्याळ वेगळं करता येतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. त्यांच्यापेक्षा आपली सोय जास्त आहे. त्यांच्या वाटाण्याला स्वतःची चाल होती, दोन फ्रेमच्या मधे तो आपल्या मनानं वाढत होता. आपलं रोप सांगितल्याशिवाय वाढत नाही.

निदान वाढू नये. प्रत्यक्षात ब्राउझरात घड्याळं अनेक आहेत आणि एकेक शोधून काढावं लागतं. डेट-नाऊ आणि परफॉर्मन्स-नाऊ ही दारावरची. रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम हे मधल्या खोलीतलं. पान उघडण्याआधी आपला छोटा कोड घुसवून ही तिन्ही बदलता येतात. सीएसएसची अॅनिमेशन त्यांना जुमानत नाहीत, ती ब्राउझरच्या आतल्या घड्याळावर चालतात. त्यांच्यासाठी क्रोमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये आभासी वेळेची सोय आहे. सगळ्यांत हट्टी तो व्हिडिओ टॅग. त्याला ‘१०.०३३व्या सेकंदावर जा’ म्हटलं की तो ‘जातो’ म्हणतो आणि सावकाश जातो. पोचल्याचा निरोप येण्याआधी फोटो घेतला तर मागचंच चित्र मिळतं. त्यात संकुचित व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. अधूनमधून एक पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं त्याची नोंद. एक्स२६४ या एन्कोडरची मूळ मांडणी दोन पूर्ण चित्रांत २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवू देते. म्हणजे मधल्या एखाद्या फ्रेमवर उडी मारायची तर आधीच्या पूर्ण चित्रापासून वाट तुडवत यावं लागतं, आणि हे दर फ्रेमला. तिसऱ्या प्रकरणात यावर माझा तोडगा आहे : ग्राहकाच्या क्लिपच्या फ्रेम एफएफएमपेगकडून आधीच सुट्या करून घ्या आणि लायब्ररीला व्हिडिओऐवजी चित्रं द्या. जागा खाते, पण रात्री झोप लागते.

जागेचंही बोलू. १०८० बाय १९२०ची एक फ्रेम, पिक्सेलला ४ बाइट धरून, ८२ लाख ९४ हजार ४०० बाइट. १२०० फ्रेम म्हणजे जवळजवळ १० जीबी. म्हणून फ्रेम साठवायच्या नाहीत, निघाली की एफएफएमपेगच्या तोंडात टाकायची. आवाजाला या खेळात घेऊच नका. सनईचं मिश्रण ब्राउझरच्या ऑफलाइन ऑडिओ कॉन्टेक्स्टमध्ये किंवा थेट एफएफएमपेगमध्ये एकदाच, अखंड तयार करा आणि शेवटी जोडा.

घड्याळ एकदा हातात आलं की एक मोठी गोष्ट फुकट मिळते. फ्रेमचा क्रमांक दिला की चित्र मिळतं, मागचं-पुढचं काही लागत नाही. मग १२०० फ्रेम दहा मशीनांत वाटून टाकता येतात. मी वाटल्या, वेळ खरोखर घटली, आणि प्रत्येक सांध्यावर अक्षता हवेतल्या हवेत जागा बदलू लागल्या. कारण लाजिरवाणं होतं : कुठला दाणा कुठून पडणार हे मॅथ-रँडम ठरवत होतं आणि प्रत्येक मशीनवर त्याचं उत्तर वेगळं येत होतं. यादृच्छिक आकड्यांनाही ठरलेलं बीज द्यावं लागतं, म्हणजे दहाही मशीनांवर तोच दाणा त्याच वेळी त्याच जागी पडतो. ग्राहकाच्या हे लक्षात आलं नसतं असं आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. असेल. पण अक्षता अक्षतांसारख्या पडायला हव्यात.

आता ते डबे. सर्व्हरवर टाकलेल्या नागड्या लिनक्समध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. ब्राउझर तक्रार करत नाही, डबा काढतो आणि पुढे जातो. नोटो किंवा लोहित टाकला की डबे जातात. त्यानंतर फुटलेली जोडाक्षरं. डीटीपीवाल्यांचा हा जुना शब्द इथे तंतोतंत बसतो. खरा ब्राउझर हार्फबझकडून अक्षरं जुळवून घेतो म्हणून सहसा वाचतो, पण तुम्ही मजकूर दुसऱ्या कुठल्या साधनाकडून काढवलात तर ‘श्री’ची चिरफाड आधी तपासा. शिवाय पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, पण भाषेची खूण ‘एमआर’ अशी असेल तरच ते बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

आणि एक जागा, जी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आमच्या एका पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ असं होतं. व्हिडिओत ‘वर्हाडी’ आलं, रफार ह-च्या डोक्यावर. फॉन्ट ठीक, ब्राउझर ठीक, फोनवर बरोबर दिसत होतं. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकतर नुक्तेवाला ऱ घेऊन, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह घेऊन. त्या कुटुंबाच्या कीबोर्डनं दुसरी तऱ्हा वापरली होती. आणि आमच्या सर्व्हरवर ‘न दिसणारी चिन्हं धोकादायक असतात’ म्हणून ती पुसून टाकणारी एक ओळ होती. ती ओळ मीच लिहिली होती. कऱ्हाडच्या प्रत्येक मंगल कार्यालयाचा पत्ता आम्ही किती दिवस चुकीचा छापत होतो, देव जाणे.

बाकी सर्व्हरची घरगुती दुखणी शेवटच्या दोन प्रकरणांत उरकली आहेत. डॉकरमध्ये सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते आणि क्रोम त्यात गुदमरून पडतो. नुसत्या क्रोमियममध्ये एच२६४ नसतो, म्हणून ग्राहकाची क्लिप काळी दिसते. पीएनजी चित्रांपासून व्हिडिओ करताना रंगांची मांडणी ४:२:० असावी असं बजावलं नाही, तर लॅपटॉपवर चालणारी फाइल कित्येक फोनांवर उघडत नाही. सुरक्षेबद्दल एकच सांगतो. ग्राहकानं दिलेला पत्ता उघडणारा ब्राउझर तुमच्या घराच्या आत बसलेला आहे. त्याला आतल्या नेटवर्कची दारं बंद ठेवा आणि सँडबॉक्स काढून टाकण्याचा जो झटपट उपाय जिथे-तिथे सुचवला जातो, तो करू नका.

रांगेबद्दल मात्र सविस्तर लिहिलं आहे, कारण आमच्या धंद्यात काम वर्षभर सारखं येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या पंधरवड्यात धबधबा सुरू होतो आणि मुहूर्त संपले की सर्व्हर माश्या मारतो. एका मशीनवर एका वेळी किती ब्राउझर चालवायचे याचा आकडा स्वतः मोजून ठरवा. मी दिलेला आकडा माझ्या मशीनचा आहे. आणि ब्राउझर कधीतरी मरणारच हे धरून चाला. घड्याळ आपल्या हातात असल्यामुळे ७१२व्या फ्रेमवर मेला तर ७१२पासून पुन्हा सुरू करता येतं, पहिल्यापासून नाही.

वाचकाला थोडं जावास्क्रिप्ट आणि लिनक्सची तोंडओळख असावी एवढीच अपेक्षा आहे. प्रकरणं क्रमानंच वाचायला हवीत असं नाही, पण घड्याळाचं तिसरं प्रकरण सोडून पुढे जाऊ नका. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी सर्व्हरवर एक देवनागरी फॉन्ट टाका, ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहून एक फ्रेम काढा आणि ती डोळ्यांनी पाहा.